कांग्यूरमधलं सूत्र शोधणं, वाचणं आणि पाठभेद नोंदवणं

उकार (धागाकर्ता)

संस्कृत बऱ्यापैकी येतं, तिबेटी अक्षरं ओळखता येतात, आणि आता कांग्यूरमधलं (तिबेटी भाषेतल्या बुद्धवचनांच्या संग्रहातलं) एखादं सूत्र पोथीच्या पानावरून वाचायचं आहे, अशांसाठी हा धागा. हल्ली टंकलिखित मजकूर घरबसल्या मिळतो आणि तोच 'तिबेटी मूळ' म्हणून उद्धृत होतो. तो बहुतेक वेळा पूर्व तिबेटातल्या देर्गेच्या लाकडी ठशांच्या छापाचा असतो. देर्गे कांग्यूर १७२९ ते १७३३ मध्ये सितु पंछेन यांनी संपादित केलं. अनेक पाठ तोलून, व्याकरण तपासून तयार केलेली ही आवृत्ती आहे. तिचा दर्जा फार वरचा, पण संपादकाचा हात फिरलेला मजकूर म्हणूनच ती वाचली पाहिजे.

नमुन्याला हृदयसूत्र (प्रज्ञापारमिता वाङ्मयातलं छोटं सूत्र) घेऊ. लहान आहे, संस्कृत हाताशी आहे, आणि एवढ्याशा मजकुरात निम्म्या अडचणी भेटतात.

आधी पत्ता. कांग्यूर म्हणजे बुद्धवचन, तेंग्यूर म्हणजे शास्त्रं आणि टीका. सेंदाईच्या तोहोकु विद्यापीठाने १९३४ साली देर्गेची सूची छापली आणि तिचे क्रमांक आज सगळीकडे चालतात: १ ते ११०८ कांग्यूर, ११०९ ते ४५६९ तेंग्यूर. हृदयसूत्र म्हणजे तोहोकु २१. पूर्ण पत्ता असा: खंड ३४, प्रज्ञापारमिता विभाग, खंडाक्षर (खंडाचं ओळखअक्षर) क, १४४ब६ ते १४६अ३. म्हणजे १४४व्या पानाच्या पाठच्या बाजूला सहाव्या ओळीत सुरुवात आणि १४६व्या पानाच्या पुढच्या बाजूला तिसऱ्या ओळीत शेवट. देर्गेत एका बाजूला ७ ओळी. म्हणजे २, ७, ७ आणि ३ मिळून १९ ओळींचं काम. हेच सूत्र तंत्रविभागात पुन्हा येतं, तोहोकु ५३१. दोन्ही उघडून ठेवा. कांग्यूरमध्ये या सूत्राच्या दोन वेगळ्या वाचना (पाठपरंपरा) आहेत, हे जोनाथन सिल्क यांनी १९९४ मध्ये दोन्हींची चिकित्सक आवृत्ती काढून दाखवलं आहे.

स्कॅनमध्ये पान गाठायचं गणित: पान १अ कितव्या प्रतिमेवर आहे ते आधी डोळ्यांनी पाहा. तो आकडा 'न' धरला तर 'प' या पानाची पुढची बाजू = न + २(प−१), आणि पाठची बाजू त्याहून एक पुढे. १४४ब म्हणजे न + २८७. तिथे भलतंच पान निघालं तर मध्ये एखादी कोरी बाजू स्कॅन करायची राहिली आहे, नाहीतर एकच पानक्रमांक दोन पानांना दिलेला आहे. दुसऱ्या प्रकारात समासात क्रमांकापुढे 'गोङ' (वरचं) आणि 'ओग' (खालचं) असं लिहिलेलं असतं. सूचीकाराने ते मोजलं की नाही, यावर पुढचे सगळे पत्ते एक पानाने सरकतात.

पुढची बाजू ओळखायची खूण: पहिल्या ओळीच्या सुरुवातीला वळणदार शीर्षचिन्ह, आणि डाव्या समासात विभाग, खंडाक्षर व पानक्रमांक. क्रमांक आकड्यांत नाही, अक्षरी असतो.

भूर्जपत्र

उत्तम धागा. दोन शंका. अक्षरं ओळखता येतात, पण शब्दकोशात शब्दच सापडत नाही, त्याचं काय करायचं? आणि देवनागरीत उतरवून घेतलं तर चालेल का?

रेवती_प

शब्दकोश मूळ अक्षरावर लावलेला असतो, पहिल्या अक्षरावर नाही. 'ब्स्ग्रुब्स' घ्या (उच्चार साधारण 'डुप'). यात 'ब' पूर्वप्रत्यय, 'स' डोक्यावर, 'ग' मूळ, 'र' पायाशी, 'उ' स्वर, पुढचा 'ब' प्रत्यय आणि शेवटचा 'स' उपप्रत्यय. हा शब्द 'ग' मध्ये शोधायचा. मूळ अक्षर ओळखायची पहिली युक्ती अशी की स्वरचिन्ह किंवा वर-खालचं जोडाक्षर ज्या अक्षराला आहे तेच मूळ. असं काहीच नसेल तेव्हा प्रत्यय म्हणून कोणती १० अक्षरं येऊ शकतात (ग, ङ, द, न, ब, म, अ-छुङ म्हणजे 'छोटा अ', र, ल, स) ते पाठ असावं लागतं. पूर्वप्रत्यय त्यांतलेच ५: ग, द, ब, म, अ-छुङ.

देवनागरी आपल्याला सोयीची आहे, कारण वर्णक्रम ओळखीचा: क ख ग ङ, च छ ज ञ, त थ द न, प फ ब म. घ, झ, ध, भ तेवढे गळले आहेत. त्यानंतर येणाऱ्या वर्गातला पहिला वर्ण म्हणजे 'चाक' मधला च आणि तिसरा म्हणजे 'जातं' मधला ज. हिंदीभाषकांना तिथे नुक्ता द्यावा लागतो, मराठी जिभेवर तो ध्वनी आधीच आहे. पण लिहिताना आपणही दोन्ही च सारखेच लिहितो, आणि घोटाळा तिथेच होतो. शोधता येईल अशी नोंद करायची असेल तर वायलींची १९५९ सालची रोमन पद्धतच वापरा. सगळे संगणकीय संग्रह तिच्यावर चालतात. देवनागरी स्वतःच्या वहीपुरती ठेवा.

छापील पानावर फसवणाऱ्या जोड्या: 'प' आणि 'ब' (शिरोरेघेतली फट शाईने भरली की प चा ब होतो), 'ङ' आणि 'द' (फरक शेपटीच्या लांबीचा), आणि वर सांगितलेले दोन च. त्यांच्यात फक्त उजव्या खांद्यावरच्या बारीक तुऱ्याचा फरक आहे आणि ठसा झिजला की आधी तोच तुरा जातो. डोक्यावरचे 'इ' आणि 'ए' सुद्धा पुसट छपाईत एकमेकांसारखे दिसतात. अशा जागी लगेच पाठभेद म्हणून नोंद करू नका. त्याच ठशांची दुसरी छपाई मिळाली तर पाहा. निम्म्याहून अधिक 'पाठभेद' तिथेच मिटतात.

हस्तलिखितात, विशेषतः ऊमे म्हणजे शिरोरेघ नसलेल्या लिपीत, संक्षेप असतात. 'थम्स-चद' (सर्व) हे एकत्र करून 'थम्द' लिहितात. लिहिताना गळलेली अक्षरं ओळीच्या वर किंवा खाली बारीक लिहून टिंबांच्या रेघेने जागेवर आणलेली असतात. ठशांवर दुरुस्ती करताना चुकीचा भाग कोरून काढून नवा लाकडी तुकडा बसवतात. तिथे अक्षरं एकदम दाटीने येतात किंवा उगीच विरळ पडतात. अशी दाटी दिसली की थांबा. तिथे कोणीतरी मजकूर बदललेला आहे.

नालंदेकर

पाठभेदांकडे येण्याआधी कांग्यूरच्या प्रतींची वंशावळ सांगतो, नाहीतर नोंद करून उपयोग नाही.

१४व्या शतकाच्या सुरुवातीला नार्थङ मठात ग्रंथ एकत्र करण्याचं मोठं काम झालं. पुढे दोन प्रमुख शाखा दिसतात. एक छालपा (१३४७ ते १३५१), दुसरी थेम्पाङमा (ग्यान्त्से, १४३१). छालपा शाखेतून १४१० चं युङ्लो कांग्यूर छापलं गेलं, ते कांग्यूरचं पहिलं मुद्रण. नंतरची पेकिंगची मुद्रणं आणि १७व्या शतकाच्या सुरुवातीचं लिथाङ हीही त्याच घरची. थेम्पाङमा शाखा मुख्यतः हस्तलिखितांत टिकली: लडाखमधल्या स्तोग राजवाड्याची प्रत, लंडनची शेलकर प्रत, कावागुची एकाई यांनी जपानला नेलेली तोक्योची प्रत, उलानबातरची प्रत. देर्गेने लिथाङ पायाला धरलं आणि थेम्पाङमा घरच्या हस्तलिखितावरून दुरुस्त्या केल्या, त्यामुळे ते मिश्र आहे. १८व्या शतकातलं नार्थङ मुद्रणही मिश्र. ल्हासाचं १९३४ चं मुद्रण नार्थङ आणि देर्गे यांच्यावर उभं आहे, आणि उर्गा म्हणजे जवळजवळ देर्गेच. या दोन्ही शाखांबाहेरचं मोठं साधन म्हणजे फुगडक कांग्यूर, १६९६ ते १७०६ मध्ये लिहिलेलं. ते आज धर्मशाळेच्या तिबेटी ग्रंथालयात आहे.

आता व्यवहार. देर्गे, उर्गा, लिथाङ, पेकिंग आणि युङ्लो एक पाठ देतात, स्तोग एकटं दुसरा देतं. 'पाच विरुद्ध एक' असं मोजलंत तर निर्णय चुकेल. त्या पाचांमागे मुळात एकच मत आहे. घराणी मोजायची, प्रती नाही. पुण्यात भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुकथनकरांनी याच शिस्तीने मांडलं होतं. ज्यांनी तिच्या आदिपर्वाची प्रस्तावना वाचली आहे त्यांना हे नवं वाटणार नाही.

भूर्जपत्र

मग सगळ्या प्रती पाहायला वेळ नसेल तर किमान किती? आणि बीजिंगची तुलनात्मक आवृत्ती आहेच ना, तिच्यात सगळे पाठ तळटीपेत मिळतात.

नालंदेकर

किमान चार: देर्गे, पेकिंग, स्तोग, फुगडक. जमलं तर नार्थङ पाचवं.

बीजिंगचं कांग्यूर (२००६ ते २००९) सोयीचं आहे, पण त्यात देर्गेशी ताडलेली सातही साधनं छापील आहेत: युङ्लो, लिथाङ, पेकिंग, चोने, नार्थङ, उर्गा, ल्हासा. स्तोग नाही, फुगडक नाही. म्हणजे थेम्पाङमा शाखेचा निर्भेळ आवाज त्यात येतच नाही. तळटीप कोरी आहे म्हणून पाठ निर्विवाद आहे, असा अर्थ काढता येत नाही.

उकार

आता हृदयसूत्रावर प्रत्यक्ष.

सुरुवातीला 'ग्यगर केद-दु' (भारतीय भाषेत) म्हणून संस्कृत नाव तिबेटी अक्षरांत, मग 'बोद केद-दु' म्हणून तिबेटी नाव. हे संस्कृत नाव डोळे झाकून घेऊ नका. ठसे कोरणाऱ्यांना संस्कृत येत असेलच असं नाही, त्यामुळे नामशीर्षकात सर्वांत जास्त मोडतोड असते. तिसरी गोष्ट अनुवादकाचा नमस्कार. प्रथा अशी की विनयाच्या ग्रंथात सर्वज्ञाला, सूत्रात सर्व बुद्ध-बोधिसत्त्वांना आणि अभिधर्मात मंजुश्री कुमारभूताला. हृदयसूत्रात मात्र भगवती प्रज्ञापारमितेलाच नमस्कार आहे. त्यानंतर 'बम-पो चिग-गो', म्हणजे एक बम-पो. बम-पो म्हणजे सुमारे ३०० श्लोकांचं माप, नकलनविसाचं काम मोजायला उपयोगी. हे सूत्र त्याच्या पासंगालाही पुरत नाही, तरी ते एक धरलं आहे.

मग मजकूर. संस्कृतात 'सर्वधर्माः शून्यतालक्षणा अनुत्पन्ना अनिरुद्धाः'. रूढ तिबेटी पाठात 'छोस थम्स-चद तोङ-पा-ञिद-दे, छेन-ञिद मेद-पा, म-क्येस-पा, म-गग-पा', म्हणजे 'सर्व धर्म शून्यता आहेत, अलक्षण आहेत, न उपजलेले, न निरोध पावलेले'. 'शून्यतालक्षणाः' याचा संधी दोन तऱ्हांनी सुटतो: शून्यता + लक्षणाः किंवा शून्यता + अलक्षणाः. जोडून लिहिलेल्या हस्तलिखितात अक्षरं तीच. तिबेटी अनुवादाने दुसरा विग्रह घेतला, श्वान्चाङ (ह्युएन त्संग) यांच्या चिनी अनुवादाने पहिला. इथे कोणाच्याही हातून काही गळलेलं नाही किंवा वाढलेलं नाही. म्हणून अशा जागी 'तिबेटीमागे वेगळा संस्कृत पाठ होता' अशी टीप लिहू नये. 'वेगळा पदच्छेद' असं लिहावं.

नोंदीची शिस्त साधी ठेवा. एक प्रत पायाला धरून ती अक्षरशः उतरवा, विरामदंडासकट. दुसऱ्या प्रतीशी ताडताना फक्त फरक लिहा: पान, बाजू, ओळ, पायाचा पाठ, मग फरक आणि प्रतीचं चिन्ह. अर्थ बदलणारे भेद वर, 'पा/बा' किंवा दंडाचे भेद वेगळ्या यादीत. पण पहिल्या फेरीत काहीही गाळू नका. कोणता फरक किरकोळ होता हे शेवटीच कळतं, आणि दोन प्रती एका घरच्या आहेत हे बरेचदा किरकोळ सामाईक चुकांवरूनच सिद्ध होतं. सर्वांत मोलाची चूक म्हणजे डोळा सरकून गळलेला मजकूर. हृदयसूत्रात 'मेद' (नाही) इतक्या वेळा येतो की एका 'मेद'वरून दुसऱ्यावर उडी सहज पडते. तोच तुकडा दोन प्रतींत गळलेला असेल तर त्यांचं नातं जवळपास नक्की.

अनुष्टुभ

तिबेटी अनुवाद इतके शब्दनिष्ठ आहेत की हरवलेलं संस्कृत परत उभं करता येतं, असं आपण नेहमी ऐकतो. महाव्युत्पत्तीसारखा संस्कृत-तिबेटी कोश आहे, उपसर्गसुद्धा ठरलेले: रब-तु म्हणजे प्र, नम-पर म्हणजे वि, योङ्स-सु म्हणजे परि, जेस-सु म्हणजे अनु, ङोन-पर म्हणजे अभि, ञे-बर म्हणजे उप. मग त्यावर एवढा अविश्वास का?

रेवती_प

अविश्वास नाही, मर्यादा आहे. महाव्युत्पत्ती ९व्या शतकाच्या आरंभीची, साडेनऊ हजारांच्या आसपास नोंदींची. सरकारी देखरेखीखाली शब्द ठरवले गेले आणि जुने अनुवाद त्यानुसार सुधारले गेले. म्हणूनच पुष्पिकेत (ग्रंथाच्या शेवटी अनुवादाची माहिती देणाऱ्या मजकुरात) 'नव्या भाषानिर्णयाप्रमाणे दुरुस्त केलं' अशा अर्थाचं वाक्य येतं. ते वाक्य असेल तर शब्दयोजना विश्वासार्ह, नसेल तर जास्त सावध.

पण उलटा प्रवास एकाला एक नाही. 'मिग-पा' हा शब्द आलंबन, उपलब्धि, उपलंभ या सगळ्यांना वापरतात. समास कसा होता, लिंग-वचन काय, वृत्त कोणतं, हे तिबेटीतून निश्चित होत नाही. वर उकार यांनी दिलेलंच घ्या: 'छेन-ञिद मेद-पा' वरून कोणी संस्कृत रचलं तर 'अलक्षणाः' सुटं लिहील आणि मूळचा दुहेरी संधी कायमचा गायब होईल. विमलकीर्तिनिर्देश या महायान सूत्राचं पूर्ण संस्कृत हस्तलिखित १९९९ मध्ये ल्हासाच्या पोताला राजवाड्यातल्या संग्रहात सापडलं. त्याआधी संस्कृतात फक्त इतर ग्रंथांतली अवतरणं होती. ज्यांना पुनर्रचनेची पारख करायची आहे त्यांनी त्यातला एक अध्याय आधी तिबेटीवरून संस्कृतात उतरवावा आणि मग हस्तलिखिताशी ताडावा. त्याहून चांगला अभ्यास नाही.

पुनर्रचना शब्दपातळीवर करा, कंसात तारांकन देऊन. वाक्यच्या वाक्य रचून ते मूळ म्हणून छापू नका.

नालंदेकर

याला जोडून आपल्याकडचं काम सांगायला हवं. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांनी विमुक्तिमार्ग या बौद्ध ग्रंथाचं धुतगुणांवरचं (भिक्षूंच्या कठोर व्रतांवरचं) तिबेटी प्रकरण १९६४ मध्ये संपादित करून छापलं. तो ग्रंथ पूर्ण स्वरूपात फक्त चिनीत उरला आहे, त्यामुळे तिबेटीतलं एक प्रकरणही मोठा आधार ठरतं. वासुदेव विश्वनाथ गोखले यांनी १९४६ मध्ये अभिधर्मकोशाच्या कारिका प्रसिद्ध केल्या, राहुल सांकृत्यायन यांनी तिबेटात घेतलेल्या हस्तलिखिताच्या छायाचित्रांवरून. आणि १९५७ चा सुभाषितरत्नकोश, संपादक दामोदर धर्मानंद कोसंबी आणि हेच गोखले. जगद्दल विहाराच्या विद्याकराने केलेला हा संस्कृत सुभाषितांचा संग्रह. त्याचं ताडपत्री हस्तलिखित तिबेटातल्या ङोर मठात, आणि दुसरं साधन नेपाळमधली कागदी प्रत. शृंगाराची संस्कृत मुक्तकं बौद्ध मठाच्या कपाटात टिकली, हे विसरू नये. तिबेटी मठांतल्या संग्रहांत फक्त धर्मग्रंथ असतील असं धरून सूची चाळणारे बरंच काही गमावतात.

भूर्जपत्र

प्रत्यक्ष पोथी हाताळायची वेळ आली तर? लडाख किंवा स्पितीत एखाद्या मठाने परवानगी दिली, असं धरा.

काजळी

हे माझ्या कामाचं क्षेत्र, म्हणून सविस्तर.

पोथी जमिनीवर ठेवू नका, ओलांडू नका, तिच्यावर वही किंवा चष्मा ठेवू नका. सोडताना क्रम टिपा: पट्टा, कापड, वरची फळी, पानं, खालची फळी. टोकाला लोंबणारी कापडी चिठ्ठी खंडाक्षराची असते. ती निघाली तर खंडाची ओळख जाते, म्हणून आधी तिचा फोटो. पान लांब कडेवरून उलटायचं, आपल्या जुन्या पोथ्यांसारखं. म्हणजे पाठची बाजू सरळ वाचता येते. हात धुऊन कोरडे करा. हातमोजे नकोत, त्यांनी कागदाच्या कडा जाणवत नाहीत आणि पान फाटतं. बोटाला थुंकी तर अजिबात नाही. नेपाळी पिवळ्या कागदाला हरताळ लावलेला असतो, म्हणजे त्यात सोमल आहे. त्या खोलीत खाणं-पिणं नको, आणि काम झाल्यावर पुन्हा हात धुवा.

कागद हिमालयात लोक्ता झुडपाच्या सालीचा, तिबेटात रे-चग-पा या वनस्पतीच्या मुळाचा. दोन्ही झाडं विषारी, त्यामुळे किडीपासून बऱ्यापैकी बचाव होतो. ओल मात्र सोसत नाही. जाड पानं थरावर थर चिकटवून केलेली असतात आणि ओलीने थर सुटतात. सुटलेला थर ओढू नका. तसंच पान ठेवून वेगळा फोटो घ्या.

फोटोचा नियम एकच: प्रत्येक बाजू, कोरी असली तरी. समास कापू नका, चौकटीत मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवा. निळ्या-काळ्या कागदावर सोन्याची अक्षरं असतील तर समोरून प्रकाश टाकला की अक्षर पांढरं फटफटीत होतं. फ्लॅश बंद, दिवा एका बाजूने तिरपा. खोडलेलं, खरवडलेलं अक्षरही तिरप्या उजेडातच दिसतं. फाइलचं नाव लगेच द्या: खंडाक्षर, पानक्रमांक, बाजू. नंतर देऊ म्हटलं की राहतं. जोडीला पानाची लांबी-रुंदी, ओळींची संख्या, आणि मध्यभागी वर्तुळं आहेत का तेही लिहा. ती ताडपत्राच्या दोऱ्याच्या भोकांची परंपरा आहे आणि जुन्या पोथ्यांत भेटते.

अनुष्टुभ

जुनी म्हणजे किती, हे लिपीवरून सांगता येतं का?

काजळी

लेखनपद्धतीवरून अंदाज बांधता येतो. 'मि' (माणूस, किंवा नकार) च्या जागी 'म्यि', उलटं वळलेलं इकारचिन्ह, न-र-ल नंतर येणारा जादा 'द': ही चिन्हं चीनमधल्या तुनह्वाङच्या गुहांतल्या आणि स्पितीतल्या ताबो मठाच्या जुन्या पानांत दिसतात. तुनह्वाङची १७ क्रमांकाची गुहा १९०० मध्ये उघडली, संशोधक स्टाइन १९०७ मध्ये आणि पेलियो १९०८ मध्ये तिथे पोचले. तिथल्या प्रतींच्या शेवटी लेखकाचं नाव आणि 'शुस, यङ शुस, सुम शुस' म्हणजे तपासलं, पुन्हा तपासलं, तिसऱ्यांदा तपासलं असं येतं. तिबेटी साम्राज्याच्या काळातलं मुद्रितशोधनच ते.

सावधगिरी इतकीच की जुन्या प्रतीवरून नक्कल करणारा जुनी वळणंही उतरवतो. एखाद-दुसरा 'म्यि' सापडला म्हणून पोथी ९व्या शतकात ढकलू नका. सगळ्या पानांत सातत्य आहे का पाहा, आणि कागदाचा धागा वेगळा तपासून घ्या.

भूर्जपत्र

शेवटची शंका. हृदयसूत्राच्या पुष्पिकेत तिबेटातल्या साम्ये विहाराच्या भिंतीवरच्या पाठाचा उल्लेख आहे असं वाचलं. तो सगळ्या प्रतींत धरायचा का?

उकार

नाही. विमलमित्र आणि भिक्षू रिन्छेन-दे यांनी अनुवाद केला आणि गेलो, नमखा इत्यादींनी तपासून निश्चित केला, हा भाग मुख्य. साम्येच्या गेग्ये जेमालिङ मंदिराच्या भिंतीवर लिहिलेल्या पाठाशी नीट शुद्ध केल्याचं वाक्य काही प्रतींतच येतं. म्हणून पुष्पिका हा स्वतंत्र मजकूर समजून तिची वेगळी पाठभेदसूची करा. सूत्राचा पाठ एका घरचा आणि पुष्पिका दुसऱ्या घरची, असं होऊ शकतं, कारण नवी आवृत्ती काढताना संपादक पुष्पिका जास्त माहिती असलेल्या प्रतीवरून पुरी करून घेतात. चार प्रती ताडून झाल्या की तुमची सूची इथेच टाका, तोहोकु २१ आणि ५३१ वेगवेगळ्या रकान्यांत.